इंजिन बांधून आलं, प्रेशर चढतंय, फिल्टर गळतोय: दोष कुठे शोधायचा

बोरिंग झालं, क्रँक ग्राइंड झाली, स्लीव्ह-पिस्टन-रिंग नवे बसले, हेड घासून आलं. ट्रॅक्टर गॅरेजमधून शेतात गेला आणि दोन-चार दिवसांत, पहाटे स्टार्टर मारताच, फिल्टरच्या कडेने ऑइल ओघळलं. मिस्त्री फिल्टर बदलतो, साखळी पाना लावून जोरात आवळतो. थोडे दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. ऑइल प्रेशर गेजचा काटा मात्र शेवटाला टेकलेला असतो, आणि मालकाला वाटतं इंजिन दमदार बांधलं गेलंय. धुळे-नंदुरबारकडे पौषात पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, म्हणून ही तक्रार गहू-हरभऱ्याच्या हंगामात उघडी पडते. दोष मात्र बहुतेक वेळा इंजिन बांधतानाच आत गेलेला असतो.

टेकलेला काटा आणि गळणारा फिल्टर एकत्र दिसले तर तिसरा फिल्टर आणायला जाऊ नका. तपासापुरतं सोडून ते इंजिन चालवूही नका. फिल्टरची रबर रिंग एका जागी सटकली तर चेंबरमधलं (इंजिनाच्या तळाच्या ऑइल टाकीतलं) सहा-सात लिटर ऑइल मिनिटा-दोन मिनिटांत जमिनीवर येतं, आणि नांगरटीच्या आवाजात ते कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रेशर येतं कुठून

ऑइल पंप गिअरचा किंवा रोटरचा असतो. प्रत्येक फेऱ्याला तो ठरावीक ऑइल पुढे ढकलतो, बस्स. त्या ऑइलला पुढे जाताना जेवढा अडथळा होतो तेवढं प्रेशर. अडथळा म्हणजे बेरिंगमधली फट, गॅलरीची (ब्लॉकमधून ऑइल नेणाऱ्या वाटेची) भोकं आणि ऑइलचा जाडपणा. पंपाची क्षमता गरजेपेक्षा मुद्दाम जास्त ठेवलेली असते. जास्तीचं ऑइल रिलीफ व्हॉल्व्हमधून परत चेंबरमध्ये पडतं. ठरलेल्या प्रेशरला स्प्रिंग दबते, प्लंजर (दट्ट्या) सरकतो, वाट मोकळी होते.

यावरून तपासाचा पहिला नियम निघतो. रिलीफच्या आकड्यापर्यंत प्रेशर चढण्याचं कारण काहीही असू शकतं: जाड ऑइल, घट्ट बेरिंग, बंद गॅलरी. त्या आकड्याच्या वर प्रेशर गेलं आणि तिथेच राहिलं, तर एक तर रिलीफ उघडत नाही, किंवा रिलीफची परतीची वाट तुंबली आहे, किंवा गेज खोटं बोलतंय. बेरिंग कितीही घट्ट असली तरी धड चालणारा रिलीफ प्रेशर वर जाऊ देत नाही. म्हणून ‘बेरिंग नवीन आहेत, प्रेशर चढणारच’ हे उत्तर आठ-नऊ किलोच्या (म्हणजे किलो प्रति चौरस सेंटिमीटर) काट्याला लागू पडत नाही.

रिलीफचा आकडा इंजिनाच्या पुस्तकातून घ्या. चाळीस-पन्नास एचपीच्या बऱ्याच ट्रॅक्टर इंजिनांत गरम असताना पूर्ण रेसला साधारण ३ ते ४.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर आणि आयडलला १ किंवा थोडं वर असं चित्र असतं. तुमच्या मॉडेलचा आकडा यापेक्षा वेगळा असेल तर तोच खरा धरायचा.

आधी गेज पकडा

डॅशबोर्डवरच्या विजेच्या गेजवर निदान करू नका. बऱ्याच गेजमध्ये प्रेशर वाढलं की युनिटचा (इंजिनावर बसवलेल्या, प्रेशर ओळखणाऱ्या भागाचा) विरोध वाढतो. अशा युनिटची वायर सुटली किंवा अर्थिंग नीट मिळालं नाही तर काटा थेट वरच्या टोकाला जातो. इंजिन बांधताना युनिटच्या आट्यांना तीन-चार वेढे टेफ्लॉन टेप मारली, ब्लॉकला रंग मारला, की अर्थिंग कमजोर होतं आणि गेज फुगवून दाखवतं. दुसरी गफलत युनिट बदलताना होते. ५ किलोचं युनिट १० किलोच्या गेजला जोडलं तर अनेक बनावटींत काटा बरोबर दुप्पट दाखवतो: आत ४, वर ८.

म्हणून युनिट काढून त्याच भोकात ० ते १० किलोचं साधं यांत्रिक गेज लावा. आटे आधी तपासा. पाव इंचापेक्षा लहान जोडांत एक अष्टमांश बीएसपी आणि एक अष्टमांश एनपीटी हे पाइपच्या आट्यांचे दोन्ही प्रकार दिसायला सारखे असतात. पहिल्यात इंचाला २८ आटे, दुसऱ्यात २७. जबरदस्तीने फिरवलं तर फिल्टर हेडला (फिल्टर ज्यावर चढतो त्या भागाला) चीर जाते आणि गळतीचं एक नवं ठिकाण तयार होतं.

मग चार आकडे लिहून घ्या: रात्रभर थंड असलेल्या इंजिनावर आयडलला आणि १,५०० आरपीएमला, नंतर अर्धा तास काम करून पाणी पूर्ण गरम झाल्यावर आयडलला आणि पूर्ण रेसला. थंड असताना रेस हळूच चढवा, फिल्टरकडे एकजण लक्ष ठेवून उभा राहू द्या, आणि काटा ७ च्या पुढे निघाला तर लगेच बंद करा. बाकी सगळा तपास या चार आकड्यांवर उभा आहे.

थंड असताना रिलीफच्या आकड्यापेक्षा एखाद-दीड किलो वर आणि गरम झाल्यावर जागेवर, हे चालतं. घट्ट ऑइल रिलीफच्या भोकातून पटकन निघत नाही एवढाच त्याचा अर्थ. रेस वाढवू तसा काटा वाढतच जातो, कुठेच थांबत नाही, गरम झाल्यावरही थांबत नाही: रिलीफ अडकला आहे. पूर्ण रेसला आकडा बरोबर, पण गरम आयडललाही ३ च्या वर: रिलीफ ठीक आहे, अडथळा पुढे आहे. हा तिसरा प्रकार सगळ्यांत धोक्याचा. त्यावर पुढे सविस्तर येईल.

काढलेला फिल्टर फेकू नका

त्याच्याकडे नीट पाहा. डब्याचा तळ फुगून गोल झाला असेल, किंवा डबा आणि वरची प्लेट जिथे दुमडलेली आहे ती शिवण उघडली असेल, तर प्रेशरचा झटका बसलाय हे नक्की. रबर रिंग एका बाजूने बाहेर ढकलली गेली असेल तरी तेच, किंवा फिल्टर सैल होता. डबा जसाच्या तसा, रिंग जागेवर, फक्त ओलसरपणा: हा बसवण्यातला दोष, प्रेशरचा नाही.

गळती खरोखर फिल्टरचीच आहे का हेही बघून घ्या. टॅपेट कव्हर, पंपाची फ्लँज किंवा प्रेशर युनिट यांपैकी काहीही पाझरलं तर ऑइल ओघळत फिल्टरवरच येतं. डिझेलने सगळी बाजू धुवा, हवा मारून कोरडी करा, वर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि पाच मिनिटं चालवा. पावडरीत पहिली काळी रेघ जिथून सुरू होईल ते ठिकाण खरं. ब्रीदर (चेंबरमधली हवा बाहेर सोडणारी नळी) तुंबला असेल तर ऑइल मागच्या सीलमधून, डिपस्टिकच्या भोकातून येतं. फिल्टरच्या रिंगेतून नाही.

रिलीफ व्हॉल्व्ह उघडा

काही इंजिनांत तो पंपाच्या बॉडीत असतो, काहींत फिल्टर हेडमध्ये, काहींत ब्लॉकच्या बाजूला मोठ्या टोपी नटाखाली. बाहेरून निघणारा असेल तर काम अर्ध्या तासाचं. पंपात असेल तर चेंबर उतरवावं लागतं, आणि ते उतरवायचंच. त्याला पर्याय नाही.

प्लंजर बोटाने बाहेर आला पाहिजे. हातोडी, पकड, स्क्रू ड्रायव्हर लागला तर तुमचा दोष तिथेच सापडला. ग्राइंडिंगची बारीक धूळ, बोरिंगची कीस किंवा कॉस्टिकच्या हौदात ब्लॉक उकळल्यावर सुटलेली खपली प्लंजर आणि त्याच्या बोअरमध्ये अडकते. ही फट इतकी बारीक असते की एक कणही पुरतो. प्लंजर आणि बोअर डिझेलने धुवा. उभी ओरखड असेल तर ऑइल लावून १,००० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने, गोल फिरवत, फक्त उंचवटा काढा. मटेरियल खाऊ नका, नाहीतर प्लंजर सैल होऊन गरम आयडलला प्रेशर पडेल. ऑइल लावलेला प्लंजर उभ्या बोअरमध्ये सोडला की स्वतःच्या वजनाने तळापर्यंत गेला पाहिजे. नसेल जात तर तो बदला. प्लंजरचं तोंड कुठल्या बाजूला होतं हेही काढतानाच पाहून ठेवा. पोकळ बाजूत स्प्रिंग बसते. उलटा घातला तर स्प्रिंगला जागा पुरत नाही आणि तो पूर्ण सरकत नाही.

मग स्प्रिंग. इंजिन जुनं असताना प्रेशर पडायला लागलं की बरेच लोक स्प्रिंगमागे वॉशर टाकतात. काम होतं, वॉशर तिथेच राहतो. इंजिन बांधताना पंप धुऊन तसाच परत बसतो आणि नव्या, घट्ट बेरिंगवर तोच वॉशर उलटतो. हिशेब करून पाहा. प्लंजर १४ मिमी व्यासाचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ १.५४ चौरस सेंमी. ४.५ किलोला उघडायचं म्हणजे स्प्रिंगचा जोर साधारण ६.९ किलो. स्प्रिंग प्रत्येक मिलिमीटरला १ किलो जोर वाढवणारी धरली, तर २ मिमीचा वॉशर जोर ८.९ किलोवर नेतो आणि रिलीफ ५.८ किलोला उघडायला लागतो. याहून वाईट प्रकार म्हणजे वॉशरमुळे स्प्रिंगचे वेढे एकमेकांना आधीच टेकतात. प्लंजर भोकापर्यंत पोहोचतच नाही आणि रिलीफ असूनही नसल्यासारखा होतो. टोपी नट बदलला असेल आणि नव्याची आतली खोली कमी असेल तरी अगदी हाच परिणाम.

स्प्रिंगची मोकळी लांबी पुस्तकाशी जुळवा. बाजारात हाताशी मिळालेली ‘अशीच’ स्प्रिंग घालू नका. तारेच्या जाडीत थोडा फरक पडला तरी जोर खूप बदलतो, कारण स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो: २.० मिमीऐवजी २.२ मिमीची तार म्हणजे जवळपास दीडपट ताठ. आणि उलट दिशेने, प्रेशर उतरवायला वेढा कापून स्प्रिंग आखूड करणंही तितकंच चूक.

परतीचं भोक विसरू नका. पंपाच्या किंवा फिल्टर हेडच्या पॅकिंगला हे भोक कापलेलं असतं. पॅकिंग घरी शीटमधून कापलं आणि ते एक भोक राहिलं, किंवा सिलिकॉन जाड लावलं आणि आवळल्यावर ते आत फुगलं, तर प्लंजर सरकतो पण ऑइलला बाहेर पडायला वाट नसते. तार घालून, मग हवा मारून, ते भोक चेंबरपर्यंत मोकळं आहे हे डोळ्यांनी पाहा. दुसऱ्या मॉडेलचा फिल्टर हेड किंवा पंप बसवला असेल तर भोकांची जागा पॅकिंग ठेवून जुळवा.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. फिल्टरमध्ये जो छोटा बायपास व्हॉल्व्ह असतो तो रिलीफ नव्हे. तो फिल्टरच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूतला फरक साधारण १ किलोच्या आसपास गेला की उघडतो आणि न गाळलेलं ऑइल पुढे जाऊ देतो, एवढंच त्याचं काम. ऑइल इंजिनातच जातं, चेंबरमध्ये परत येत नाही. म्हणून ‘चांगला बायपासवाला फिल्टर’ लावून प्रेशर उतरत नाही.

गेज बरोबर, तरी फिल्टर फुटतो

काही इंजिनांत गेज फिल्टरच्या पुढे, मेन गॅलरीवर असतं आणि रिलीफही तिकडेच असतो. अशा रचनेत पंप आणि गॅलरी यांच्यामध्ये काही तुंबलं, समजा ऑइल कूलर जुन्या गाळाने भरलेला आहे, तर पंपाकडच्या बाजूला प्रेशर चढतं आणि ते गेजला कळतच नाही. जुनं इंजिन बेरिंग वितळून बसलं होतं आणि कूलर न धुता परत लावला, तर हा संशय पहिला घ्या. कूलर दोन्ही दिशांनी डिझेलने धुवा. धातूची चकाकी येणं थांबत नसेल तर तो बदलाच. त्यातला कण नव्या क्रँकवरच जाणार आहे.

प्रेशर भरपूर, ऑइल मात्र पोहोचत नाही

गरम आयडललाही ३ च्या वर टिकणारा काटा दिसला की खूश होऊ नका. गरम ऑइल बेरिंगच्या फटीतून सहज निघायला हवं. निघत नाही म्हणजे फट फार कमी आहे किंवा वाट बंद आहे. गेज अडथळ्याच्या अलीकडे असतं, त्यामुळे पलीकडची बेरिंग कोरडी पडली तरी काटा छान दिसतो.

मेन बेरिंगच्या वरच्या शेलला (बेरिंगच्या अर्ध्या भागाला) भोक आणि बहुतेक वेळा खाच असते, खालचा शेल साधा असतो. शेल अदलाबदल झाले तर ब्लॉकचं भोक साध्या शेलने झाकलं जातं, आणि तिथून बिगएंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेरिंगला) जाणारं ऑइलही थांबतं. कॅम बुश ठोकताना त्याचं भोक ब्लॉकच्या भोकाशी जुळलं नाही तर रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) कोरडे राहतात. हेड पॅकिंग उलटं बसलं, किंवा ज्या हेड बोल्टच्या भोवतून ऑइल वर जातं तो बारीक दांड्याचा बोल्ट भलत्या भोकात गेला आणि तिथे जाड बोल्ट आला, तरीही रॉकर कोरडेच. गॅलरी प्लग गरजेपेक्षा आत आवळला तर त्याचं टोक आडव्या भोकावर येतं.

पहिली तपासणी सोपी आहे. टॅपेट कव्हर काढा, इंजिन आयडलला चालवा. मिनिटभरात प्रत्येक रॉकरवर ऑइल दिसलं पाहिजे. एखादा कोरडा असेल तर तिथेच थांबा. दुसऱ्या तपासणीला चेंबर उतरवावं लागतं: गेजच्या भोकातून ऑइलची टाकी जोडा, हवेने २-३ किलो प्रेशर द्या, क्रँक हाताने फिरवत राहा. प्रत्येक मेन आणि बिगएंडच्या कडेने थेंब पडायला हवेत. जिथे पडत नाहीत ती बेरिंग उघडा.

फट मोजायला प्लास्टिगेज (दाबल्यावर चपटा होणारा मऊ धागा) घ्या, बोटाच्या अंदाजावर जाऊ नका. ६०-६५ मिमीच्या जर्नलला (क्रँकच्या बेरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाला) साधारण ०.०५ ते ०.१० मिमी फट असते. ०.२५ च्या अंडरसाइजला ग्राइंड केलेली क्रँक थोडी कमी घासली गेली की फट ०.०२ वर येते. अशी क्रँक पिस्टन चढवण्याआधीही हाताने जड फिरते. ती ‘रुळल्यावर मोकळी होईल’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, ग्राइंडरकडे परत न्या. केळीचा लोड घेऊन निघालेला ट्रक घाट चढताना ती बेरिंग मोकळी होत नाही, धरते.

ऑइल जाड करू नका

खान्देशात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, म्हणून ‘आपल्याकडे जाडच ऑइल लागतं’ असं सर्रास सांगतात. पाण्याचं तापमान थर्मोस्टॅट ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या आसपास राखतो, त्यामुळे बेरिंगमधल्या ऑइलचं तापमान मे आणि जानेवारीत लोकांना वाटतं तितकं बदलत नाही. पहाटे सुरू करतानाचं तापमान मात्र खूप बदलतं. १५ डब्ल्यू ४० ऑइल शंभर अंशांच्या मानाने चाळीस अंशांना सात-आठपट जाड असतं आणि दहा अंशांना त्याच्या कितीतरी पुढे. त्यात २० डब्ल्यू ५० किंवा साधं ५० नंबर ऑइल, वर प्रेशर वाढवणारी चिकट बाटली, म्हणजे पहाटेचा पहिला झटका पूर्ण फिल्टरवर. पुस्तकात १५ डब्ल्यू ४० किंवा २० डब्ल्यू ४० लिहिलं असेल तर तेच भरा. आणि सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटं आयडल. थंड इंजिनाला लगेच रेस देण्याची सवय नव्या इंजिनाचा फिल्टरही उडवते आणि टर्बो असेल तर त्याचंही नुकसान करते.

फिल्टर आणि त्याची बैठक

प्रेशर बरोबर असूनही गळती राहिली तर दोष इथे. जुनी रबर रिंग फिल्टर हेडला चिकटून राहिली आणि वर नवी आली, ही सगळ्यांत नेहमीची चूक. नख फिरवून पाहा. रंग मारताना हेडच्या बैठकीवरही रंग बसतो, गरम ऑइलने तो सुटतो आणि रिंगेखाली वाट होते. तो पूर्ण खरवडून काढा. बैठकीवर सरळ पट्टी ठेवून ०.०५ मिमीची फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) आत जाते का बघा.

आटे जुळवा. तीन चतुर्थांश इंची स्टडला इंचाला १६ आटे असतात, म्हणजे १९.०५ मिमी व्यास आणि १.५९ मिमी पिच. एम २० गुणिले १.५ चा फिल्टर त्यावर चढतो, आवळल्यासारखाही वाटतो, पण आटे वरवर धरलेले असतात. असा फिल्टर प्रेशरखाली निसटतो. फिल्टर हाताने शेवटपर्यंत हलका फिरला पाहिजे आणि फिरताना लटपटायला नको. स्टड हेडमध्ये सैल असेल तर जुन्या फिल्टरबरोबर थोडा बाहेर येतो. मग नवा फिल्टर स्टडच्या टोकाला टेकतो, हाताला घट्ट लागतो, पण रिंग दबलेलीच नसते. स्टड थ्रेड लॉक लावून परत आवळा.

बाउल फिल्टर असलेल्या जुन्या इंजिनांत खाचेतली रिंग स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने नाही, सुईने काढा. खाचेला ओरखडा पडला की नवी रिंगही गळते. मधल्या बोल्टचं तांब्याचं वॉशर नवं घ्या. नसेल तर जुनं लालबुंद तापवून थंड केल्यावर मऊ होतं आणि पुन्हा चालतं.

बसवताना रिंगेला स्वच्छ ऑइलचं बोट फिरवा, ग्रीस किंवा सिलिकॉन लावू नका. रिंग टेकल्यावर डब्यावर खडूची खूण करा आणि हाताने पाऊण ते एक फेरा द्या. डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते माना. तोंड वर करून बसणारा फिल्टर आधी ऑइलने भरून घ्या. स्टॉपची (डिझेल बंद करणारी) दोरी ओढलेली ठेवून स्टार्टर दहा-दहा सेकंद मारा, मध्ये थोडा वेळ थांबा, काटा हलला की मगच इंजिन सुरू करा.

पहिलं ऑइल आणि फिल्टर ५० तासांना बदला, आणि तो फिल्टर कापून उघडा. कागदाच्या घड्या पांढऱ्या कपड्यावर पिळा. थोडी राखाडी चमक रिंगा बसताना येतेच. पिवळी किंवा तांबूस पत्री दिसली तर ती बेरिंगची किंवा बुशची आहे, चेंबर उतरवा. लोहचुंबकाला चिकटणारे टोकदार तुकडे असतील तर रिलीफचा प्लंजरही त्याच वेळी काढून धुवा, कारण त्यातला एक तुकडा तिथपर्यंत गेलेला असण्याची शक्यता असते.